चोवीस बोटं आणि एकही काम नाही

साधारण कुत्र्याला अठरा बोटं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. हा हिशेब कुणी करत बसत नाही, कारण कुत्र्याची बोटं मोजायची वेळ सहसा येत नाही, आणि आलीच तर कुत्रा मोजू देत नाही. नॉर्वेच्या लुंडेहुंड जातीच्या कुत्र्याला मात्र किमान चोवीस असतात, प्रत्येक पायाला सहा. एवढ्यावर निसर्गाचं समाधान झालेलं नाही. हा कुत्रा मान मागे टाकून कपाळ पाठीला टेकवू शकतो. पुढचे दोन्ही पाय दोन बाजूंना सरळ पसरू शकतो, कवायतीत हात पसरावेत तसे. आणि उभे, त्रिकोणी कान मिटून कानाचं भोक बंद करू शकतो. वजन सहा-सात किलो, उंची जेमतेम फूट-सव्वा फूट, रंग तांबूस, केसांची टोकं काळी, चेहरा कोल्ह्याचा. एकूण प्रकरण मांडीवर घेऊन बसण्याजोगं दिसतं, आणि दिसतं म्हणूनच लोक फसतात. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात बोटांचं, मानेचं, कानांचं कौतुक चालतं. दुसऱ्या आठवड्यापासून तक्रारींची यादी सुरू होते: बाहेर फिरवून आणल्यावर घरात येऊन गालिच्यावर कार्यभाग उरकतो, खाणं लपवून ठेवतो, परक्या माणसाला पाहून सटकतो, बारीकसारीक आवाजावर भुंकतो आणि सांगितलेलं ऐकत नाही. कौतुकाची यादी वेगळी आणि तक्रारींची वेगळी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझं म्हणणं असं की या दोन याद्या नाहीतच, ती एकच यादी आहे. लुंडेहुंड हा एका अत्यंत अवघड धंद्यातला निष्णात कारागीर आहे. धंदा बंद पडला आहे, आणि हे त्याला कुणीही कळवलेलं नाही.

धंदा काय होता ते नीट पाहिल्याशिवाय या कुत्र्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यालगत लोफोटेन द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाकडे वेरॉय नावाचं बेट आहे. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला असूनही समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथला हिवाळा नकाशावरून वाटतो तेवढा जीवघेणा नसतो. जीवघेणे आहेत ते कडे. या बेटावरच्या मोस्टाड गावात लोक दोन गोष्टींवर जगत, समुद्रातला मासा आणि कड्यातला पफिन. पफिन हा काळा-पांढरा, रंगीत चोचीचा, फोटोत फार गोंडस दिसणारा पक्षी. वर्षाचा बराचसा काळ तो भर समुद्रात काढतो आणि उन्हाळ्यात अंडं घालायला जमिनीवर येतो. अंडं एकच, आणि तेही मातीत पोखरलेल्या बिळात किंवा खडकांच्या फटीत, हातभर आत. मोस्टाडकर हे पक्षी मिठात मुरवून हिवाळ्याची बेगमी करत. पण कड्याच्या तोंडावरच्या अरुंद, वळणावळणाच्या फटीतून पक्षी काढणार कोण? माणूस मावत नाही आणि मोठा कुत्रा अडकतो. मांजर मावलं असतं, पण मांजर पकडलेला पक्षी मालकाला आणून देईल ही कल्पनाच मांजर न पाळलेल्याला सुचू शकते. तेव्हा लुंडेहुंड. निसरड्या खडकावर पकड घ्यायला जादा बोटं. तोल गेला की दोन्ही हात पसरून कपारीच्या भिंतींना टेकायला ते लवचीक खांदे. बिळात वळायला जागा नसली तर मान मागे दुमडायची सोय. वरून माती-पाणी गळतं म्हणून कानाला झाकण. एरिक हान्सेन शोनेबोल नावाच्या अधिकाऱ्यानं 1591 मध्ये वेरॉयचं वर्णन लिहून ठेवलं, त्यातही खडकांतून पक्षी काढण्यासाठी लागणाऱ्या या कुत्र्यांचा उल्लेख आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या लिखाणात कुत्र्याला जागा मिळते तेव्हा तो कुत्रा उत्पन्नाच्या सदरात मोडतो असं समजायला हरकत नाही. चांगल्या लुंडेहुंडची किंमत दुभत्या गाईएवढी धरत, असं सांगतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो शास्त्राची पदवी घेऊन येतो. जादा बोटं म्हणजे जनुकांतली गफलत. माणसांत, मांजरांत, कोंबड्यांतही ती आढळते. तिच्यावर धंद्याचा इमला कशाला रचता? गफलत हा शब्द मान्य. सगळ्याच गोष्टींची सुरुवात गफलतीनं होते, पुढे ती टिकली की तिला वैशिष्ट्य म्हणतात. पण हा पाय एकदा जवळून पाहावा. इतर कुत्र्यांच्या पायाला आतल्या बाजूला एखादं जादा बोट नुसतं कातड्याला लोंबत असतं तसा हा प्रकार नाही. लुंडेहुंडच्या जादा बोटांना हाडं आहेत, सांधे आहेत, ती हलवायला स्नायू आहेत. पुढच्या पंजाची सहापैकी पाच बोटं जमिनीला टेकतात, मागच्याची चार. पुढच्या पायाच्या तळव्याला आठ गाद्या, मागच्याला सात. आतली बोटं अंगठ्यासारखी आडवी वळलेली, म्हणजे पाय दगडाच्या कडेवर पडला की पकड खालूनही आहे आणि बाजूनंही. दिवाणखान्यात या सरंजामाचा उपयोग शून्य. उलट जी बोटं जमिनीला लागत नाहीत त्यांची नखं झिजत नाहीत, ती कापावी लागतात, आणि चोवीस नखांचा कुत्रा अठराव्या नखानंतर धीर सोडतो. बाकीच्या कुत्र्यांचं तिथे संपलेलं असतं हे त्याला माहीत नसलं तरी मालकाला माहीत असतं. चालही अशीच. पुढचे पाय बाहेरून गोल फिरवत टाकायची पद्धत रस्त्यावर पाहणाऱ्याला ऐटीची वाटते. ती ऐट नव्हे. खांद्याचा सांधा कपारीसाठी घडला आहे, फुटपाथसाठी नाही.

आता तक्रारींच्या यादीकडे त्याच नजरेनं पाहावं. खाणं लपवतो. अर्ध्या पोळीचा तुकडा सोफ्याच्या उशीमागे, हाडूक चपलांच्या कपाटात, आणि आठ दिवसांनी वासावरून घरभर शोध. पण ज्या बेटावर पक्षी चार महिने येतो आणि आठ महिने येत नाही तिथे उरलेलं पुरून ठेवणारा कुत्रा दुर्गुणी की दूरदर्शी? मोस्टाडचे लोक पक्षी मिठात घालून हेच करत होते. त्यांना कुणी खोडकर म्हटलं नाही. परक्याला पाहून बिचकतो. कड्यांमागच्या त्या गावात परका माणूस येण्याचे प्रसंग किती? आवाजावर भुंकतो. बिळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आत काय चाललं आहे हे कळायचा दुसरा मार्ग कोणता? ऐकत नाही, ही तर तक्रारच नव्हे. बिळात शिरलेल्या कुत्र्याला मालक दिसत नाही, मालकाला कुत्रा दिसत नाही; कुठे वळायचं, कोणत्या पक्ष्याला धरायचं, कधी माघार घ्यायची हे सगळं त्याचं त्यालाच ठरवावं लागे. दर पावलाला मागे वळून परवानगी मागणारा कुत्रा त्या धंद्यात उपाशी राहिला असता आणि मालकालाही त्यानं उपाशी ठेवलं असतं. शेकडो वर्षं ज्याची स्वतःच्या डोक्यानं चालणारा म्हणून निवड झाली, त्याला आपण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणतो, पाहुण्यांसमोर ‘शेकहँड’ म्हणतो, आणि सहा बोटांचा पंजा पुढे आला नाही की त्याच्या बुद्धीबद्दल शंका घेतो. कान मिटण्याबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. बोलणी खाताना तो कान बंद करून घेतो असा निष्कर्ष मालक मोठ्या हौसेनं काढतात. ती सोय धुळीसाठी आणि पाण्यासाठी आहे, उपदेशासाठी नाही. उपदेश तो कान उघडे ठेवूनच ऐकत नाही.

गालिच्याचा मुद्दा राहिला, आणि तो सगळ्यात नाजूक आहे. लुंडेहुंडला घरातली शिस्त लावणं फार कठीण, हे त्याचे परमभक्तसुद्धा कबूल करतात. याचा पफिनशी बादरायण संबंध जोडायचा मोह मी टाळतो. इथे कारण धंद्यात सापडत नाही, ते इतिहासात सापडतं, आणि तिथेच दुसऱ्या आक्षेपाचं उत्तरही मिळतं. आक्षेप असा की कामाचा कुत्रा कोणता नव्हता? डॅक्सहुंड बिज्जूच्या बिळात घुसायचा, पूडल पाण्यात पडलेली बदकं आणायचा. त्यांचेही धंदे बहुतेक बसले, पण ते झाले ना घरगुती? मग यालाच एवढी सवलत का? झाले, कारण त्यांना घरगुती करायला माणसांकडे वेळ होता आणि कुत्रे भरपूर होते. पिढ्यानपिढ्या हजारोंतून निवड करता आली. जो गुरगुरला, जो घाण करत राहिला, त्याची पैदास पुढे चालू ठेवली नाही, काम झालं. लुंडेहुंडच्या नशिबी ही चैन कधी आली नाही. एकोणिसाव्या शतकात पफिन धरायला जाळी वापरात आली. जाळ्याला खायला घालावं लागत नाही. त्यात कुत्र्यांवर कर बसला. किनाऱ्यावरच्या इतर गावांनी हिशेब केला आणि कुत्रे कमी केले. मोस्टाड आडबाजूला, तिथे मात्र जुनी रीत आणि जुना कुत्रा दोन्ही टिकले. तिसाव्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे महायुद्धाच्या तोंडावर, एलिनॉर क्रिस्टी या दक्षिणेकडच्या बाईंनी मोस्टाडहून काही कुत्रे मागवले आणि त्यांची पैदास सुरू केली. 1943 मध्ये नॉर्वेजियन केनेल क्लबनं जातीला मान्यता दिली. म्हणजे शतकानुशतकं पक्षी धरल्यावर कुत्रा असल्याचं प्रमाणपत्र मिळालं, आणि तेही महायुद्धाच्या धामधुमीत. पण त्याच सुमारास डिस्टेंपरची साथ बेटावर आली आणि तिथले कुत्रे जवळजवळ संपले. 1944 मध्ये साथ क्रिस्टीबाईंच्या कुत्र्यांपर्यंत पोचली, तिथे एकच वाचला. कसाबसा मेळ जमवून पुन्हा उभारणी झाली, तर पुन्हा साथ. 1963 मध्ये जगातल्या सगळ्या लुंडेहुंडांची संख्या होती सहा. एक वेरॉयवर, पाच दक्षिणेत हामारला, आणि त्या पाचांची आई एकच.

आता या सहा जणांसमोर उभं राहून निवड करायची आहे अशी कल्पना करावी. त्यातला एक गालिच्यावर मुततो. काय करणार? त्याला वगळलं तर जातीचा सहावा हिस्सा गेला. अशा वेळी स्वभाव, शिस्त, पाहुण्यांशी वागणूक असले निकष लावायला कुणी धजत नाही. नर आहे की मादी आहे आणि जिवंत आहे का, एवढेच प्रश्न उरतात. आज जे लुंडेहुंड दिसतात, आणि त्यांची संख्या आता हजाराच्या पुढे गेली आहे, ते सगळे त्या मूठभर कुत्र्यांची प्रजा आहेत. माणसाच्या घरात राहायला योग्य ठरावा म्हणून चाळणी लावण्याची संधी या जातीला मिळालीच नाही. पूडल दिवाणखान्यात शिकून-सवरून आला. लुंडेहुंड कड्यावरून थेट सोफ्यावर आला आहे, मधल्या इयत्ता गाळून.

तिसरा आक्षेप प्रशिक्षकांचा. कुत्रा वाईट नसतो, मालक आळशी असतो. योग्य वेळी योग्य खाऊ दिला की कोणताही कुत्रा काहीही शिकतो, असा या मंडळींचा सिद्धांत आहे. आळसाचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. चिकाटी धरणाऱ्यांना लुंडेहुंडकडूनही बरंच काही करून घेता येतं, हेही खरं. पण खाऊच्या सिद्धांतात दोन अडचणी आहेत. पहिली सांगून झाली: दिलेला खाऊ तो खाईलच असं नाही, घेऊन जाऊन ठेवून देईल, आणि शिकवणी चालू असताना विद्यार्थी फी घेऊन तळघरात गेला तर पुढचा धडा कुणाला द्यायचा? दुसरी अडचण हसण्यासारखी नाही. अगदी जवळच्या नात्यात पिढ्यांमागून पिढ्या पैदास झाल्यामुळे या जातीत आतड्याचा एक विकार घर करून बसला आहे. त्याला लुंडेहुंड सिंड्रोम असंच नाव पडलं आहे. आतड्यातल्या लसिकावाहिन्या फुगतात, अन्नातलं प्रथिन अंगी लागण्याऐवजी बाहेर वाहून जातं, आणि कुत्रा भरल्या ताटावर खंगत जातो. खात्रीचा उपाय नाही. पथ्य सांभाळायचं, त्यात स्निग्ध पदार्थ कमीत कमी. म्हणजे जगभरचे प्रशिक्षक ज्या चीजच्या तुकड्यांवर आपला लौकिक उभा करतात, ते चीज इथे वर्ज्य. सहा बोटांचे फोटो पाहून कुत्रा मागवणाऱ्यानं हे आतडं आधी पाहिलं पाहिजे. ते फोटोत येत नाही.

यातूनच सगळ्यात कडक आक्षेप निघतो. मग हा अट्टहास कशासाठी? नॉर्वेत पफिनची शिकार आता कायद्यानं बंद आहे. मोस्टाड गाव ओस पडलं, उन्हाळ्यात पर्यटक पायवाटेनं जाऊन ओस गाव पाहून येतात. पक्ष्याचीच तब्येत कुत्र्यापेक्षा नाजूक झाली आहे: साठच्या दशकाच्या शेवटी नॉर्वेच्या समुद्रातला हेरिंग मासा बेसुमार मासेमारीनं कोसळला, आणि शेजारच्याच रोस्ट बेटांवर पफिनच्या पिल्लांची पुढे वर्षानुवर्षं उपासमार झाली. 2015 पासून जागतिक यादीत पफिन धोक्यातला पक्षी म्हणून नोंदला आहे. धंदा नाही, गाव नाही, पक्षी कमी, कुत्रा आजारी. मग जात राखायची कुणासाठी? हा प्रश्न नॉर्वेपुरता नाही. मराठवाड्याच्या उदगीर-अहमदपूरकडचा कारवानी कुत्रा सशामागे धावण्यासाठी घडला. वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली. कुत्रा मात्र अजून त्याच लांब पायांवर उभा आहे आणि ससा दिसला तर कायदा आठवत नाही. उपयोग संपला की प्राणी संपवावा हा नियम लावायचा म्हटलं तर तो कुत्र्यापाशी थांबेल याची हमी कोण देणार, असं म्हणून हा आक्षेप मोडीत काढता येईल, पण ती पळवाट झाली. खरं उत्तर हे की लुंडेहुंडला संपवत आणलं ते बेकारीनं नव्हे. बाकी किनाऱ्यावर बेकार झाल्यावरही तो मोस्टाडमध्ये धडधाकट होता. त्याला रोगाच्या साथीनं सहावर आणलं आणि त्यानंतर शुद्ध रक्ताच्या आग्रहानं पोखरलं. पहिल्या गोष्टीवर लस आहे. दुसरीवरही इलाज आहे, फक्त तो टोचून घ्यायला माणसं तयार नव्हती.

गेल्या काही वर्षांत नॉर्वेतल्या जातीच्या क्लबनं तो इलाज सुरू केला. नॉर्वेजियन बुहुंड, आइसलंडचा मेंढपाळ कुत्रा आणि नॉर्बॉटन स्पिट्झ या तीन नातलग जातींशी संकर करायचा, आणि मग पिढी-दर-पिढी पुन्हा लुंडेहुंडकडे वळायचं. शुद्धतावाद्यांचा जीव खालीवर झाला. संकराच्या पिल्लांना बोटं पाच आली तर? मान मागे गेलीच नाही तर? खानदानाचं काय? ज्या खानदानातली पाच माणसं एकाच आईची, तिथे वंशावळीचा कागद फार रुंद लागत नसावा. आणि मोस्टाडच्या कोळ्यांनी बोटं मोजून कुत्रे ठेवले असतील असं मला वाटत नाही. त्यांनी पक्षी मोजले. जो कुत्रा पक्षी आणायचा तो लुंडेहुंड. बोटं त्याच्यामागून आली. आज पक्षी मोजता येत नाहीत म्हणून प्रदर्शनातले परीक्षक बोटं मोजतात, हा मोजणाऱ्यांचा नाइलाज आहे, कुत्र्याची व्याख्या नव्हे. निरोगी आतड्याचा, साडेपाच बोटांचा कुत्रा परीक्षकांना कसा चालवून घ्यायचा हे त्यांनी बसून ठरवावं.

धंदा कायमचा बंद झाला, या माझ्या म्हणण्याला मात्र एक अपवाद नोंदवायला हवा, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो विमानतळावर धावपट्टीच्या आसपास पक्षी घरटी करतात, आणि पक्षी इंजिनात गेला तर विमानाची धडगत नसते. गवतात लपलेली अंडी माणसाला दिसत नाहीत. ती हुडकण्यासाठी तिथे लुंडेहुंडला कामाला लावण्यात आलं. स्वतःच्या डोक्यानं फिरायचं, फटीत नाक घालायचं, पक्ष्याचं घर शोधायचं. शोधलेलं खायचं नाही एवढीच नवीन अट. ज्याला घरात अडाणी ठरवलं तोच विमानतळावर कर्मचारी म्हणून उपयोगी पडला. आणि तिथे गालिचाही नाही.